न दिलेला हुंकार

ही हकीकत मी साठ वर्षं टाळत आलो. टाळली म्हणजे कधी सांगितलीच नाही असं मात्र म्हणता येणार नाही. पुष्कळदा सांगितली, फक्त शेवट बदलून सांगितली. परभणीच्या एका कॉलेजात मी साहित्य शिकवत होतो. दरवर्षी ग्रीकांच्या पुराणकथांवर चार-दोन तास यायचे, आणि त्यातल्या एका तासाला मी हमखास एका म्हाताऱ्या मेंढपाळाचा किस्सा सांगायचो. मी तरुण मास्तर, तो निरक्षर कथेकरी. त्यानं भर बैठकीत गोष्ट बदलली, मी चकित झालो, आणि मग मला उमगलं की गोष्ट जिवंत राहते ती अशी. मुलांना किस्सा आवडायचा. पुढे तो एका लेखात छापूनही आला. बायकोला मी तोच सांगितला होता. ती जाऊन सहा वर्षं झाली. तिला खरं सांगायचं राहून गेलं.

मुलांना मी शिकवायचो की ग्रीकांकडे पुराणकथेची एकच खरी प्रत अशी नव्हती. गावोगावी गाणारे होते, समोर माणसं बसलेली असायची, आणि त्या माणसांना जे लागायचं ते गोष्टीत यायचं. एका गावच्या गोष्टीत मेलेलं माणूस दुसऱ्या गावच्या गोष्टीत जिवंत असायचं, आणि दोन्ही गावं आपापल्या जागी खरी असायची. हे मी आजही मानतो. पण गोष्ट सांगणाऱ्याला जी सूट आहे ती साक्षीदाराला नाही. त्या दिवशी जे झालं ते एकाच प्रकारे झालं. पाहणाऱ्यांपैकी आता बहुधा मीच उरलो आहे.

माझं शिक्षण उर्दूत झालं. आमच्या वेळी दुसरी सोयच नव्हती. पोलीस ॲक्शन झालं, निजामी राजवट गेली, आणि पाहता पाहता शाळा मराठी झाल्या. मला मास्तरकी मिळाली ती मराठी शाळेवर, आणि मलाच मराठी लिहिताना हात अडखळायचा. गाव पिंगळीच्या स्टेशनापासून पायी दोन तासांवर. शाळा म्हणजे चावडीमागची एक खोली. दिवसा तिथं मुलं बसायची, मुलं गेली की तीच खोली माझं घर. भाकरी मला थापता यायची नाही. मधे कच्ची, कडेला करपलेली, ती मी पाण्यासोबत गिळायचो. गावातली माणसं वाईट नव्हती. पण ती रानात राबणारी, मी खुर्चीवर बसणारा. "मास्तर, बरं हाय का?" एवढं विचारून पुढे जायची. मी "बरं आहे" म्हणेपर्यंत त्यांची पाठ झालेली असायची. शनिवारी शाळा सुटली की सोमवारी सकाळपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघत नसे. आवाज गेला की काय म्हणून मी कधीकधी मोठ्यानं पाढे म्हणायचो.

सोबतीला एक पुस्तक होतं. आमचे जुने हेडमास्तर परभणी सोडून कायमचे हैदराबादला निघाले, तेव्हा त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं. पुठ्ठा गेलेला, कडा वाळवीनं खाल्लेल्या. युनानच्या, म्हणजे ग्रीकांच्या, जुन्या गोष्टी उर्दूत सांगितलेल्या. देव, राजे, समुद्र. मी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. तरी त्या खोलीत बसून मी ते पुस्तक इतक्या वेळा वाचलं की त्यातली माणसं मला गावातल्या माणसांपेक्षा जवळची वाटायला लागली.

ज्वारी निघाली, कडबा रचला गेला, की जिंतूरकडच्या डोंगराळ भागातून मेंढपाळ खाली उतरायचे. सात घरांचा एक तळ दरवर्षी आमच्या शिवारात यायचा. शेतकरी त्यांची मेंढरं आळीपाळीनं आपल्या रानात बसवून घ्यायचे. मेंढरं एका रानात तीन-चार मुक्काम बसली की जमिनीला वर्षाचं खत मिळायचं. मेंढरांभोवती दोरीच्या जाळीचं कुंपण असायचं, त्याला ते वाघूर म्हणत. मेंढरं वाघुरीत, आणि वाघुरीला लागून माणसं. जो वाघुरीला लागून झोपतो तो तळाचा माणूस, असा साधा हिशेब होता.

त्या तळात एक म्हातारा होता. गोष्ट सांगणारा. मेंढरं पाण्यावर न्यायची वाट शाळेवरून जायची, आणि एक दिवस तो काठी टेकून दारात उभा राहिला. मी पुस्तक वाचत होतो.

"काय वाचायलाव, मास्तर?"

"गोष्टी आहेत. युनान देशातल्या."

"युनान म्हंजी? हकीमाच्या गोळ्या येत्यात तितलं?"

"हो. तिथलंच म्हणा."

"मंग गोष्टी बी कडूच असत्याल," असं म्हणून तो उंबऱ्यावर बसला. "सांगा एक."

कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला काहीतरी सांगायला सांगितलं होतं. मी मला सगळ्यांत जास्त आवडणारी सांगितली. एक राजा जहाजं घेऊन लढाईला निघाला आणि वारा पडला. जहाजं जागची हलेनात. देवीचा कोप झाला होता. पोटच्या मुलीचा बळी दिलास तर वारा सुटेल, असं सांगणं आलं. राजानं लेकीला निरोप धाडला की तुझं लग्न ठरलंय, ये. ती नटून आली. तिला वेदीवर चढवलं.

"अन् मंग?"

"मग वारा सुटला."

"वाऱ्याचं कोन इचारायलंय? पोरीचं सांगा."

"मेली."

"ह्ये कुणी सांगितलं?"

"पुस्तकात लिहिलंय."

"लिहिलं असंल हो. पर सांगितलं कुणी? बापाकडच्यानं का आईकडच्यानं?"

मला हसू आलं. तोही हसला, पण त्याचा प्रश्न काही त्यानं सोडला नाही. उठताना म्हणाला, "आईकडचा कोनी सांगनारा गाठा. त्याच्या गोष्टीत ती मरायची न्हाई. बघा तुमी."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मग रोजच यायला लागला. त्याच्याकडेही गोष्टी होत्या, आणि त्यातली एक सगळ्यांत मोठी, त्यांच्या सात घरांची. ती मी ऐकून ऐकून वहीत उतरवायला लागलो. मराठी लिहिण्याचा सराव होईल, हे मूळ कारण. त्याला ती वही गमतीची वाटायची. "आज किती खाल्लं तुमच्या वहीनं?" असं विचारायचा.

ती मोठी गोष्ट सांगण्याचा दिवस ठरलेला होता. होळीच्या आधी नदीच्या डोहात मेंढरं धुऊन, वाळवून, मग लोकर कातरायची. कातरणीच्या दिवशी सकाळपासून माणसं ओळीनं मेंढरं आडवी घालून बसत, कात्र्या चालत, आणि म्हातारा घोंगडीवर बसून गोष्ट सांगे. त्याच्यासमोर एक माणूस हुंकार द्यायला बसवलेला असे. प्रत्येक कडव्यानंतर त्यानं "हुं" म्हणायचं. हुंकार आला की कात्र्या पुढे, गोष्ट पुढे. हुंकार देणारा सात घरांतला चालायचा नाही, बाहेरचाच लागायचा. कारण गोष्टीत सातही घरांचं मूळ होतं, कोणाचं आधी, कोणाचं मागे, आणि ते ऐकूनच संध्याकाळी त्यांचा कारभारी ठरवायचा की येत्या वर्षी कोण कोण वाघुरीत. घरातल्यानं हुंकार दिला तर तो आपल्याकडे ओढायचा. इतकी वर्षं आमच्या गावचा म्हातारा कोतवाल हुंकार देत होता. तो त्या वर्षी वारला, आणि माझ्यावर ते काम आलं.

तो दिवस मी विसरलेलो नाही. घोंगडीसमोर माझ्यासाठी एक पोतं अंथरलं होतं. चाळीसेक माणसं माझ्या एका "हुं"साठी थांबत होती. सोमवार ते शनिवार मुलांवर खेकसण्यापलीकडे ज्याच्या आवाजाचा कुणाला उपयोग नव्हता, त्याचा आवाज लागत होता.

गोष्टीचा गाभा असा. सात भाऊ आणि एक बहीण. देवानं त्यांना नदीतून मेंढरं काढून दिली. बहीण मेंढरं पाण्यावर घेऊन गेली, वरून लोंढा आला, आणि ती वाहून गेली. भावांनी तिला शोधलं, ती सापडली नाही. म्हणून कातरणीच्या दिवशी पहिल्या लोकरीची मूठ पाण्यात सोडायची, तिच्या नावानं. या गाभ्याभोवती म्हातारा दरवर्षी थोडीफार भर घालायचा. त्या साली मेलेला माणूस गोष्टीत एखाद्या कडव्यापुरता येऊन जायचा. नवी सून परक्या कळपातून आणलेली मेंढी होऊन यायची, आणि सगळे तिच्याकडे बघून हसायचे. मी वहीच्या समासात लिहिलं होतं, "इथं म्हातारा घसरतो." इतकं कळायचं मला.

दुसऱ्या वर्षी तळ आला तेव्हा त्यात एक बाई जास्त होती. माझ्याच वयाची, कडेवर दोन-अडीच वर्षांची मुलगी. ती म्हाताऱ्याच्या धाकट्या भावाची लेक. अठ्ठेचाळीसच्या धामधुमीत तिचा नवरा गेला, सासरची माणसं पांगली. मधली पाच-सहा वर्षं ती कुठे होती, कोणाच्या आसऱ्यानं होती, मुलगी कोणाची, हे ती सांगत नव्हती. आईबाप उरले नव्हते. जिंतूरकडून तळ निघाला तेव्हा ती मागून चालत आली आणि सोबत राहिली. कारभारी तिला हाकलत नव्हता, पण आतही घेत नव्हता. ती वाघुरीपासून दूर, लंगड्या आणि आजारी मेंढरांजवळ मुलीला घेऊन झोपायची. कारभाऱ्याचंही एक म्हणणं होतं. त्याच्या घरात लग्नाच्या तीन मुली होत्या. "हिला आत घेटली तर उद्या पावने काय म्हनतील? माज्या पोरी कोन करल?" असं तो माझ्यादेखत म्हाताऱ्याला म्हणाला होता.

ती एकदा शाळेच्या माठावर पाणी प्यायला थांबली. मुलीला ओंजळीनं पाजलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हुं म्हननारे मास्तर तुमीच का?"

"हो."

"लय बारीक आवाज हाय म्हनं तुमचा. औंदा जरा जोरात म्हना." आणि हसली. त्या पोरीलाही हसू आलं, आई हसली म्हणून.

कातरणीच्या आदल्या दिवशी दुपारी म्हातारा आला. नेहमीसारखा उंबऱ्यावर न बसता आत येऊन बसला. बराच वेळ काठीच्या टोकानं जमीन टोकरत होता.

"मास्तर, उद्या वही आनू नका."

"का बरं?"

"उद्या गोष्टीत पानी जरा उतरनार हाय." थोड्या वेळानं म्हणाला, "तुमी हुं म्हना. बास. बाकीचं माजं मी बघतो."

मी बरं म्हणालो. हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो, कारण छापलेल्या लेखात हे नाही. मी बरं म्हणालो होतो.

त्याच संध्याकाळी परभणीहून शाळा तपासायला साहेब आले. त्यांना मुलांचे पाढे ऐकवले, हजेरीपट दाखवला. शाळेत दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. मग मी वही काढली. साहेब चाळत राहिले. म्हणाले, "हे तुम्ही जमवलंत? वा. असं काम तालुक्यात कुणी करत नाही. मला ऐकायचंय हे." साहेबांनी माझ्याबद्दल काही चांगलं लिहिलं तर शहरातल्या शाळेवर बदली होईल, चार माणसांत राहायला मिळेल, हे माझ्या मनात येऊन गेलं. सकाळी मी त्यांना घेऊन कातरणीला गेलो. वही साहेबांच्या काखेत होती. मी आणली नव्हती, त्यांनी आणली होती, असं मी वाटेत मनाशी म्हणालो.

म्हाताऱ्यानं वही बघितली. मग गोष्ट सुरू केली.

साहेब माझ्याशेजारी बसले होते. वही उघडून, ओळीवर बोट ठेवून ते गोष्टीबरोबर पुढे सरकत होते. सात भाऊ आले, देव आला, मेंढरं निघाली. मी हुंकार देत होतो. बहीण पाण्यावर गेली. लोंढा आला. ती बाई लांब आजारी मेंढरांजवळ उभी होती, पण तिचं सगळं लक्ष इकडे होतं. इथवर सगळं वहीतल्यासारखं होतं. मग म्हाताऱ्यानं आवाज खाली आणला आणि सांगायला लागला की तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. सात भाऊ काठावर बसले होते. खालच्या अंगानं कुणीतरी चालत येताना दिसलं. बहीणच होती. अंगावर दुसऱ्याच मुलखाची वस्त्रं, कडेवर एक कोकरू. भाऊ म्हणाले, हे कोकरू कोणाच्या कळपातलं? बहीण म्हणाली, पाण्यानं दिलंय. मेंढरं कोणी दिली तुम्हाला? पाण्यानंच ना? थोरल्या भावानं उठून वाघूर वर उचलली.

तिथं तो थांबला. हुंकारासाठी.

कात्र्या थांबल्या होत्या. साहेबांनी माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "मास्तर, इथं तर ती वाहून गेली असं आहे. हे काय?" आवाज हळू होता, पण इतकी शांतता होती की सगळ्यांनी ऐकला.

कारभाऱ्यानं हातातलं मेंढरू सोडलं. "वहीत काय हाय मास्तर?"

मी वहीकडे बघितलं.

"म्हाताऱ्यानं मागल्या साली सांगितलं तेच लिवलंय ना तुमी? मंग वाचा की."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं. "मास्तर, हुं म्हना."

साहेबांनी वही माझ्या मांडीवर ठेवली होती. ते माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मागच्या वर्षी असं नव्हतं." आणि मी वाचलं. बहीण वाहून गेली. सात भावांनी सात दिवस शोधली. सापडली नाही. माझं वाचन त्या दिवशी एकदाही अडखळलं नाही.

म्हातारा घोंगडीवरून उठला. हुंकार तुटला की त्या वर्षीची गोष्ट तिथंच संपते, ती परत जोडता येत नाही, असा त्यांचा कायदा होता. मला तो पहिल्याच वर्षी सांगितलेला होता. कारभाऱ्यानं लोकरीची मूठ पाण्यात सोडली. माणसं परत कातरायला बसली. साहेब वाटेत म्हणाले, "बरं झालं तुम्ही लिहून ठेवलंत. नाहीतर हे लोक मूळ गोष्ट बिघडवतात."

दोन दिवसांनी तळ हलला. सकाळी शाळा भरायच्या आधी ती बाई मुलीला घेऊन शाळेवरून चालली होती. जिंतूरच्या वाटेला नव्हे, पिंगळीच्या. माठाजवळ थांबली. मी पुढे होऊन तांब्यानं पाणी दिलं. आधी मुलगी प्यायली, मग ती. तांब्या परत देताना म्हणाली,

"तुमचं काय जात व्हतं, मास्तर?"

रागानं नाही. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं. मी तांब्या माठावर ठेवेपर्यंत ती पुढे गेली होती. स्टेशनापर्यंतचा रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना कापलेली रानं. बराच वेळ दिसत राहिली. एवढं लहान लेकरू घेऊन दोन तासांची वाट. मी तिच्यामागे गेलो असतो तर सहज गाठता आलं असतं. घंटा वाजवायची वेळ झाली होती. मी घंटा वाजवली.

पुढच्या वर्षी तळ आला. म्हातारा शाळेकडे फिरकला नाही. कातरणीच्या दिवशी कारभारी मला बोलवायला आला. "वही घिऊन चला मास्तर. म्हातारा सांगना झालाय. तुमीच वाचा."

मी गेलो. पोत्यावर बसून वाचलं. म्हातारा ओळीत बसून खाली मान घालून मेंढरू कातरत होता. माझ्यासमोर हुंकार द्यायला कुणी बसवलं नव्हतं. वहीला हुंकार कशाला लागतो? कुठे थांबायचं ते वहीत लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी न थांबता वाचत गेलो. कात्र्याही थांबल्या नाहीत. त्या वर्षी तळात एक माणूस मेला होता आणि एक सून आली होती. दोघांचंही गोष्टीत काही आलं नाही. वाचून झालं तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही की संपलं. त्या दिवसाइतकं एकटं मला त्या खोलीतसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

साहेबांनी चांगला शेरा दिला होता. माझी बदली परभणीला झाली. नोकरी करता करता मी परीक्षा दिल्या, मग रजा काढून औरंगाबादला कॉलेजात गेलो. आपला जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात गेला होता. औरंगाबादला आम्हाला शिकवायला एक प्राध्यापक होते. एकदा त्यांनी तीच गोष्ट काढली, वारा पडलेल्या राजाची. मी मनात पुढचं म्हणत होतो. ते म्हणाले, "याचा दुसरा पाठ असा आहे की सुरी खाली येण्याच्या क्षणी देवीनं मुलीला उचलून नेलं आणि वेदीवर तिच्या जागी हरणी ठेवली. मुलगी मेली नाही. समुद्राकाठच्या एका देवळात तर बायका तिच्या नावानं वस्त्रं वाहायच्या. बाळंतपणात दगावलेल्या बायांची वस्त्रं." मग त्यांनी सांगितलं की यातलं मूळ कोणतं हा प्रश्नच चुकीचा आहे. गोष्ट कोणाच्या पुढ्यात, कोणत्या गरजेनं सांगितली गेली, ते विचारा.

बाकीची मुलं लिहून घेत होती. माझ्या हातून लेखणी चालेना. मला शाळेचा उंबरा दिसत होता. बापाकडच्यानं का आईकडच्यानं? शाळेचं तोंडही न पाहिलेल्या माणसानं माझ्या पुस्तकातली गोष्ट एकदा ऐकून जे विचारलं होतं, तेच हे सूट घातलेले गृहस्थ विचारत होते.

महाराष्ट्र झाला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी एसटीनं जिंतूरला गेलो. तिथून पुढे पायी. म्हाताऱ्याचं दिसणं जवळजवळ गेलं होतं. कुडाच्या घरापुढे बाजेवर बसला होता, भोवती नातवंडं. मी राम राम म्हणालो.

"मास्तर का?" आवाजावरून ओळखलं त्यानं. "बसा. च्या करा गं मास्तरला."

मी बाजेच्या कडेवर बसलो. म्हणायचं ते वाक्य मी परभणीपासून मनात घोळवत आणलं होतं. पोरं अंगाशी आली होती. त्यांची गोष्ट अर्धी राहिली होती आणि ती म्हाताऱ्याला सोडत नव्हती. "थांबा की मास्तर, ह्यांचं संपवतो," असं म्हणून त्यानं पुढचं सांगायला घेतलं. एक राजा होता. त्याला मेंढरं घेऊन नदीपार जायचं होतं, पण वारा पडला आणि होडी हलेना. लेकीला दे, म्हणजे वारा येईल, असं कुणीतरी म्हणालं. राजानं लेकीला नटवून बोलावलं. डोळे मिटून सुरी उचलली. तेवढ्यात आईनं लेकीला मागं ओढलं आणि तिथं एक मेंढी ठेवली.

तिथं तो थांबला. त्याची न दिसणारी नजर माझ्याकडे वळली होती.

"हुं," मी म्हणालो.

"हां," तो म्हणाला, आणि गोष्ट पुढे नेली.

चहा झाला. मी त्याच्या पुतणीचं विचारलं. तो म्हणाला, "कळलं न्हाई काई. पिंगळीवरनं गाडीत बसली म्हनत्यात. मंग कुटं, देव जाने." एवढंच. परतीच्या गाडीची वेळ होत आली होती. पोरं बसलेली होती, सून दारात उभी होती. सगळ्यांसमोर कसं बोलावं, असं मला वाटलं. पुढच्या खेपेला निवांत येऊ, असं मी ठरवलं. त्यानं माझा हात बराच वेळ धरून ठेवला होता. बोलायला वाव दिला असेल का? पुढच्या खेपेला गेलो तेव्हा बाज होती, तो नव्हता. त्या बाईचा मला आयुष्यात पत्ता लागला नाही. तिची मुलगी आज असेल तर म्हातारी झाली असेल.

वर्गात मी सांगायचो की मला तेव्हा काही कळत नव्हतं, पुस्तकी मास्तर होतो, छापलेलं तेवढं खरं मानायचो. मुलं समजून हसायची. तेही खोटंच होतं. परभणी ते जिंतूर घोळवत नेलेलं वाक्य मी इथं जसंच्या तसं लिहितो:

"बाबा, तुम्ही हुं म्हणा म्हणालात तेव्हा मला सगळं कळलं होतं. वाघूर कोणासाठी उचलताय, तेही कळलं होतं. साहेब बघत होते, म्हणून मी वाचलं. तुमच्या पुतणीला आणि त्या लेकराला मी बाहेर काढलं. माझं चुकलं."